पालेभाजी बंद करू का?

प्रश्न : माझ्या आईची मायट्रल झडप बदलून मेकॅनिकल झडप बसवली आहे. रक्त पातळ करणाऱ्या गोळीमुळे शेजारी पालेभाजी वर्ज्य सांगतात. खरे आहे का?

उत्तर : पालेभाजी सोडू नका, प्रमाण सारखे ठेवा. पालक-मेथीतले 'के' जीवनसत्त्व गोळीचा परिणाम कमी करते. एक आठवडा रोज भाजी, पुढे अजिबात नाही, असे झाले की आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते दाखवणारा तपासणीतला आकडा) वरखाली होतो. मायट्रल जागी तो साधारण २.५ ते ३.५ लागतो, पण आईंच्या डॉक्टरांनी ठरवलेला आकडाच पाळा. चुकलेल्या गोळीची भरपाई दुप्पट घेऊन करू नका. अंगदुखीची गोळी परस्पर आणू नका. दंतवैद्यांना झडपेविषयी आधी सांगा. काळे शौच, डोक्याला मार किंवा बोलताना जीभ अडखळली, तर क्षणही न दवडता रुग्णालय गाठा.