आयकार्डाच्या नादी लागून

नाशिकच्या एका शिक्षणसंस्थेत मी कार्यालय अधीक्षक होते. शाळा, दोन महाविद्यालयं आणि एक वसतिगृह. ओळखपत्रं बाहेरून छापून आणायची जुनी पद्धत होती. जूनमध्ये फोटो द्यायचे, गणपती बसले तरी कार्डं आलेली नसायची आणि आली की त्यात दोन-चार भलत्याच फोटोंची निघायची. एका बैठकीत कोणीतरी म्हणालं, "आपणच छापू की!" ते कोणीतरी म्हणजे मीच. ते वाक्य पुढची सहा वर्षं माझ्या मानगुटीवर बसून होतं. त्या सहा वर्षांतले हे धडे.

१. प्रिंटरची किंमत म्हणजे लग्नाच्या हॉलचं भाडं. खरा खर्च पंगतीत होतो. मी रीतसर तीन दरपत्रकं मागवली, तुलनात्मक तक्ता केला, सगळ्यात स्वस्त मशीनवर सही घेतली आणि घरी जाऊन चहा प्यायले. त्या तक्त्यात रिबनचा, म्हणजे शाईऐवजी लागणाऱ्या रंगीत फितीचा, रकानाच नव्हता. या रिबनवर पिवळा, किरमिजी, निळा, काळा आणि शेवटी पारदर्शक थर असे तुकडे एकामागून एक असतात आणि प्रत्येक कार्डाला हे पाचही तुकडे जातात, कार्डावर तुम्ही नुसतं टिंब छापलं तरी. २०० कार्डांची रिबन म्हणजे २०० कार्डं, चुकलेली धरून. पहिल्या महिन्यात आमची चुकलेलीच जास्त होती. आता कोणी विचारलं तर सांगते, वर्षाला दोन-तीनशेच कार्डं लागत असतील तर गल्लीतल्या जॉबवाल्याकडे जा. तो ड्रॅगन शीट नावाच्या प्लॅस्टिकच्या तावावर छापून, दाबून, कापून देतो आणि कार्ड बरं टिकतंही. हरवलेलं कार्ड त्याच दिवशी हातात द्यायचं असेल तरच मशीन घरात आणा.

२. मी आयुष्यभर ऑफिस स्वच्छ ठेवलं असा माझा समज होता. या प्रिंटरचं हेड कार्डाला जवळजवळ टेकूनच चालतं, त्यामुळे कार्डावर धुळीचा एक कण बसला तरी तिथं रंग उतरत नाही, पांढरा ठिपका राहतो. आमच्या प्राचार्यांच्या नाकावर तो राहिला. दुसऱ्या कार्डात भुवईवर. मग कळलं की कोरी कार्डं मी बोटांनी मोजत होते, नोटा मोजतात तशी. कार्ड कडेनं धरायचं असतं, ग्रामोफोनच्या तबकडीसारखं. त्यानंतर एप्रिलमध्ये छपाईच्या वेळी पंखा बंद, खिडकी बंद आणि आम्ही तिघं घामाघूम. ओळखपत्राच्या फोटोत लोक इतके वैतागलेले का दिसतात हे मला ठाऊक नाही, पण छापणारे का वैतागतात ते सांगू शकते.

३. केरात काय जातं ते मी पाहत नव्हते. हा धडा सगळ्यात मोठा आणि तो मला आमच्या सफाईच्या मावशींकडून मिळाला. एक दिवस त्या म्हणाल्या, "मॅडम, ती रंगीत पट्टी अजून आहे का हो? नातवानं मखराला लावली, काय चमकते!" वापरलेली रिबन त्या घरी नेत होत्या. मी हसले. मग टोपलीतली एक गुंडाळी सहज उलगडली, उजेडासमोर धरली आणि हसू तिथंच थांबलं. काळ्या तुकड्यावरून जेवढा काळा रंग कार्डावर गेला होता, तेवढी जागा पारदर्शक झाली होती. म्हणजे काळ्या काचेतून कोरल्यासारखं स्वच्छ वाचता येत होतं: नाव, जन्मतारीख, मोबाइल नंबर, खाली बारकोड. किरमिजी तुकड्यावर त्याच मुलीचा चेहरा, फोटोच्या जुन्या निगेटिव्हसारखा. पुढच्या तुकड्यांवर पुढचा विद्यार्थी. त्याच्या पुढे त्याच्या पुढचा. कार्डांच्या कपाटाला मी दोन कुलपं लावली होती, एक किल्ली माझ्याकडे, दुसरी रजिस्ट्रारांकडे. आणि अख्खी वसतिगृहाची यादी सिडकोतल्या एका घरात बाप्पाच्या मागे लखलखत होती.

मावशींना काय सांगायचं, हा प्रश्न त्याहून अवघड. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. विसर्जन झाल्यावर मी स्वतः जाऊन ती पट्टी परत आणली आणि बदल्यात जिलेटीन पेपरचे चार रंग दिले. तेव्हापासून संपलेली रिबन मोजून जमा होते आणि कात्रीनं कापून बारीक केली जाते. कोऱ्या कार्डांचा साठा, छापलेली, रद्द झालेली, असा सगळा हिशेब एका वहीत. मशीनच्या माहितीपत्रकात सुरक्षेवर दोन पानं होती. ही वही त्यात नव्हती.

४. मराठी नाव छापणं ही स्वतंत्र विद्या आहे. आमची यादी जुन्या फाँटात टंकलेली, सॉफ्टवेअर युनिकोड मागणारं. रूपांतर केलं तेव्हा गोऱ्हे आडनावातला र उडी मारून ह च्या डोक्यावर रफार होऊन बसला. कुऱ्हाडे, बऱ्हाटे सगळ्यांचं तेच. वर फाँट हिंदी वळणाचा निघाला. मराठीच्या सरांनी कार्ड परत पाठवलं, सोबत चिठ्ठी: शासनाच्या २००९ च्या निर्णयाप्रमाणे ल पाकळीचा आणि श देठाचा हवा. तेव्हा मी चिडले होते. आज वाटतं, ज्या कागदावर माणसाची ओळख लिहायची, तिथं त्याचं नाव तरी त्याच्या अक्षरात हवं.

५. काळा आणि काळा यांत फरक असतो. तीन रंग मिसळून झालेला काळा डोळ्याला चालतो, पण ग्रंथालयाच्या यंत्राला तो दिसेलच असं नाही. इन्फ्रारेड प्रकाशानं वाचणाऱ्या यंत्राला बारकोड रिबनच्या काळ्या तुकड्यानंच छापलेला लागतो. हे कळेपर्यंत दीडशे कार्डं वाया गेली.

६. सुरक्षेच्या खुणा मी दागिन्यांसारख्या घातल्या. नाशिकरोडला पासपोर्ट आणि टपाल तिकिटं छापणारा सरकारी छापखाना आहे. त्या गावात राहून आपलं कार्ड साधं कसं असेल, असा माझा तोरा. मग नोटेवर असतात तशा एकमेकींत गुंतलेल्या नाजूक रेषांची नक्षी, भिंगाशिवाय न दिसणारी अक्षरं, फोटोची फिकट सावली, वर होलोग्राम. हे सगळं आधारच्या पीव्हीसी कार्डावर आहे, म्हणून मीही मागितलं. २०२० साली ते कार्ड ५० रुपयांत मिळू लागलं, तेव्हा ते हातात धरून मी किती वेळ तिरपं करत बसले होते! पण तिथं त्या खुणांबरोबर डिजिटल सहीचा क्यूआर कोडही आहे, तो तपासता येतो. माझा होलोग्राम बाजारात रोलवर मिळणारा होता. जो मला विकला, तो कुणालाही विकला असता.

शेवटी गेटवरच्या मामांना विचारलं, तुम्ही नक्की काय बघता? ते म्हणाले, "दोरीचा रंग आणि तोंड." सकाळी सव्वासातला पंधरा मिनिटांत सहाशे पोरं आत जातात, भिंग कोण धरणार? पुढच्या वर्षी फोटो जवळजवळ दुप्पट मोठा केला, कोणत्या वर्षाचं कार्ड ते एका जाड रंगीत पट्टीवरून कळेल असं केलं, आणि बारीक अक्षरांतली एक खूण फक्त ऑफिससाठी ठेवली. ती कुठं आहे ते इथंही लिहीत नाही.

७. कार्ड गळ्यात असतं, म्हणजे रस्त्यावर असतं. ८५.६ गुणिले ५३.९८ मिलिमीटर एवढ्या जागेत मी पत्ता, मोबाइल, जन्मतारीख, रक्तगट सगळं कोंबलं होतं, जागा वाया जाऊ नये म्हणून. मग आमच्या एका तरुण शिक्षिकेला अनोळखी नंबरवरून मेसेज येऊ लागले. बसमध्ये समोर बसलेल्या माणसानं कार्डावरून नंबर वाचला होता. ती तक्रार करायला आली नव्हती, "मागच्या बाजूला घेता येईल का?" एवढंच विचारायला आली होती. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये आला; आम्हाला तो एका सिटी बसनं आधीच शिकवला. आता पुढे फोटो, नाव, विभाग. मागे रक्तगट, आणि "सापडल्यास" खाली संस्थेचा नंबर.

८. चिप घातली म्हणजे अक्कल घातली असं नाही. दार उघडणारी स्वस्त कार्डं १२५ किलोहर्ट्झवर चालतात आणि बहुधा विचारेल त्या रीडरला आपला नंबर सांगून टाकतात. त्यांच्याहून वरच्या दर्जाच्या मायफेअर क्लासिक कार्डाचं गुपित कुलूप नेदरलँड्समधल्या नायमेखेनच्या संशोधकांनी २००८ मध्येच फोडून दाखवलं होतं, आणि ते प्रसिद्ध होऊ नये म्हणून चिप बनवणारी कंपनी कोर्टात गेली तर कोर्टानं संशोधकांची बाजू घेतली. हे मी वाचलं ते ऑर्डर दिल्यानंतर.

पण आमची कार्डं कुणी चोरानं नाही, मीच मारली. दोरी अडकवायला वर खाच हवी म्हणून पंच घेतला आणि उत्साहानं चाळीस कार्डांना ठकाठक खाचा पाडल्या. चिपची तार कार्डाच्या कडेकडेनं फिरलेली असते. ती तुटली की कार्ड नुसतं प्लॅस्टिक. चाळीसही कार्डं दारासमोर मुकी. कार्डावर कुठं भोक पाडायचं हे आधी ठरवायचं असतं, ही गोष्ट इतकी साधी की कोणी सांगितलीच नाही. आता कार्ड होल्डरमध्ये जातं, भोक होल्डरला.

९. कार्ड देणं सोपं, परत घेणं कठीण. निवृत्त होणाऱ्यांकडून कार्ड जमा करून घ्यायचा नियम मीच केला होता. पहिले निवृत्त झाले ते आमचे हेडक्लार्क अण्णा, चौतीस वर्षं नोकरी. त्यांनी कार्ड टेबलावर ठेवलं, पण त्यावरचं बोट काही काढलं नाही. "मॅडम, हे ठेवू का? नातवाला दाखवायला."

मी आधी संगणकात त्यांचा नंबर बंद केला. मग कपाटातून तोच पंच काढला, चाळीस कार्डं मारणारा. या वेळी तार तोडायचीच होती. कार्ड आत सरकवलं तसे अण्णा पुढे वाकले.

"फोटोवर नको हं. कोपऱ्यात मारा."