म्हातारपणाची शिदोरी

साखरेचा आजार, म्हणजे मधुमेह, कोणाला होतो? आमच्या ठाकुर्लीत कोणालाही विचारा. "गोड खाणाऱ्याला," किंवा "बसून खाणाऱ्या शेटजीला," असे उत्तर मिळेल. मग ज्याने जन्मभर अंगमेहनत केली, ज्याचे हातपाय काडीसारखे आहेत, अशा माणसाला पन्नाशीत तो का व्हावा?

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक यांनी या गोष्टीचा पिच्छा पुरवला. १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत काम सुरू झाले. गरोदर बाया काय खातात, किती राबतात, ते लिहून घेतले. मूल जन्मले की त्याचे वजन केले, मापे घेतली. मुले मोठी होत गेली, तसतशी त्यांना पुन्हा पुन्हा तपासले.

काय दिसले? इंग्लंडातले बाळ जन्मते तेव्हा साडेतीन किलोच्या आसपास भरते. या खेड्यांतले बाळ भरले पावणेतीन किलोच्याही आत. पण नवल पुढेच आहे. बाळाच्या अंगावर मांस कमी होते, चरबी मात्र फारशी कमी नव्हती. दिसायला बारीक, आतून चरबीचे! असे मूल पुढे झपाट्याने लठ्ठ झाले, तर त्याला मधुमेहाचा आणि हृदयविकाराचा धोका जास्त. म्हणजे साठीतल्या दुखण्याचे मूळ काही अंशी आईच्या पोटात असते. काही अंशी, बरं का. पुढचे खाणे, काम, व्यसन यांचाही वाटा आहेच.

आता ताटाकडे वळू. ज्या आयांच्या खाण्यात पालेभाजी आणि फळे वरचेवर होती, त्यांची बाळे चांगल्या वजनाची निघाली. ज्या बायांना शेतात फार राबावे लागले, पाणी वाहावे लागले, त्यांची हलकी. शिवाय ब-१२ नावाचे जीवनसत्त्व पुष्कळ जणींच्या अंगात कमी होते. ते भाजीभाकरीत नसते; दूध, अंडी, मासळी यांत असते. आपल्याकडे आगरी-कोळ्यांच्या घरात जवळा, बोंबील असतोच. तो गरोदर बाईच्या ताटात पडतो का, ते बघा. बऱ्याच घरांत सून सगळ्यांच्या मागून जेवते, आणि तोवर टोपात नुसता रस्सा उरतो. मला ही रीत मुळीच पटत नाही.

मिश्रीचेही तसेच. आजी लावते म्हणून आई लावते, आईचे बघून मुलगी लावते. लहानपणी डोळ्यांनी पाहिलेले असे हाताला लागते. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच की! मुंबईत गरोदर बायांची पाहणी झाली, ती २००४ साली छापून आली. तंबाखू खाणाऱ्या, मिश्री लावणाऱ्या आयांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी होती.

दिवस राहिले की लगेच सरकारी दवाखान्यात नाव घालावे. तिथे वजन करतात, रक्त तपासतात, लोहाच्या गोळ्या फुकट देतात. सासूबाईंनीही सुनेबरोबर जावे. तिशीपुढच्या माणसांची साखर आणि रक्तदाबही तिथे तपासून मिळतो.