वर्षाचा वाचनसंकल्प
प्रश्न : आम्ही चौघा मित्रांनी वर्षाला पन्नास पुस्तके वाचण्याचे योजिले आहे. हे योग्य आहे काय?

उत्तर : संख्येचा आग्रह धरला की मनुष्य नकळत कृश पुस्तकांकडे वळतो, कारण विश्राम बेडेकरांची १९३९ सालची छोटेखानी ‘रणांगण’ आणि लक्ष्मीबाई टिळकांची चार भागांत प्रसिद्ध झालेली ‘स्मृतिचित्रे’ हिशेबात सारखीच भरतात, म्हणून आपण बाराच ग्रंथ मुक्रर करावेत आणि विस्तृत ग्रंथास दोन महिनेही निःसंकोच द्यावेत. पुस्तके आपसांत फिरविताना देण्याघेण्याची नोंदवही अवश्य ठेवावी, कारण उसने दिलेले पुस्तक परत मागण्याचा संकोच स्नेहास बाधक होतो. महिन्याच्या बैठकीत, ज्याने ग्रंथ अर्धवट सोडला असेल त्यासच प्रथम बोलू द्यावे.