नामांकित महाविद्यालयाचा अर्ज : तयारी नववीपासून

दहावी-बारावीचे निकाल लागले की गुणवंत विद्यार्थ्यांचे सत्कार होतात. भाषणांतून त्यांना उच्च शिक्षण घ्या, परदेशी जा, असा आशीर्वादही दिला जातो. परंतु त्यासाठी कोणता अर्ज कधी भरायचा आणि त्यात काय लिहायचे, हे सांगणारे माणूस आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात नसते. ज्यांच्या घरातले कोणी आधी जाऊन आलेले असते, त्यांच्या मुलांना या गोष्टी जेवताखाता कळतात. आपल्या मुलांना त्या मुद्दाम सांगाव्या लागतात. म्हणून प्रस्तुत लेखात बारावीनंतर अमेरिकेतील निवडक महाविद्यालयांत पदवीसाठी अर्ज कसा भक्कम करावा, याचा विचार आम्ही करीत आहोत.

आपल्याकडे प्रवेश म्हटला की गुणवत्ता यादी आलीच. टक्के किती, एवढ्यावर निकाल लागतो. तिकडे तसे नाही. २०२४ साली हार्वर्डकडे सुमारे ५४ हजार अर्ज आले आणि प्रवेश मिळाला तो दोन हजारांहून कमी विद्यार्थ्यांना. एवढ्या अर्जांत उत्तम गुणांची मुले भरपूर असतात. तेव्हा गुण हवेतच, पण त्यांवर निवड थांबत नाही. ज्या परिस्थितीत विद्यार्थी वाढला तिच्यात त्याने काय केले, हे निवड समिती अर्जात शोधते. हे नीट समजले तर आपल्या मुलांनी कचरण्याचे कारण नाही.

१. गुणपत्रके

नववी ते बारावी अशा चारही वर्षांचे गुण मागितले जातात. "नववीला कोण विचारतो?" हा समज येथे उपयोगाचा नाही. महाराष्ट्रात बरीच मुले दहावीनंतर शाळा सोडून कनिष्ठ महाविद्यालयात जातात, त्यामुळे कागदपत्रे दोन ठिकाणी विभागली जातात. शाळा सोडतानाच नववी-दहावीच्या गुणपत्रकांच्या प्रती मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्यानिशी घेऊन ठेवाव्यात. त्या मराठीत असतील तर इंग्रजी भाषांतरही करून घ्यावे. बारावीचा बोर्डाचा निकाल लागण्याच्या कितीतरी आधी हे अर्ज भरले जातात. म्हणून अकरावीचे वार्षिक गुण आणि बारावीची सहामाही यांना मोठे महत्त्व येते. अकरावी म्हणजे विश्रांतीचे वर्ष, असे मानणाऱ्याचे येथे नुकसान होते.

एसएटी ही १६०० गुणांची परीक्षा काही महाविद्यालयांनी ऐच्छिक ठेवली आहे. मात्र एमआयटीने २०२२ साली आणि डार्टमथ व हार्वर्ड यांनी २०२४ साली प्रवेश-परीक्षेचे गुण पुन्हा आवश्यक केले. त्यामुळे ती अकरावीच्या अखेरीस देण्याच्या तयारीने अभ्यास करावा. शिक्षणाचे माध्यम मराठी असेल तर इंग्रजीच्या परीक्षेचीही तयारी ठेवावी.

२. शिफारसपत्रे

साधारणपणे दोन विषय-शिक्षकांची पत्रे लागतात आणि शाळेतर्फे एक अहवाल लागतो. तिकडे हा अहवाल शाळेचे समुपदेशक देतात. आपल्याकडे ते पद नसल्यास प्राचार्य किंवा अन्य शिक्षक तो देऊ शकतात. अडचण वेगळीच आहे. हल्ली पुष्कळ मुलांचे नाव कॉलेजात आणि दिवस खासगी क्लासमध्ये, अशी स्थिती असते. ज्या शिक्षकांनी मुलाला वर्गात पाहिलेच नाही, ते "विद्यार्थी हुशार व होतकरू आहे" यापलीकडे काय लिहिणार? असे वाक्य कोणालाही लागू पडते. म्हणून निदान दोन शिक्षकांच्या तासांना नियमित बसावे, शंका विचाराव्यात, प्रयोगवहीवर चर्चा करावी. पत्रासाठी दोन महिने आधी विनंती करावी आणि आपल्या कामाचे एक पानी टिपण द्यावे. पत्र स्वतः लिहून त्यावर सही घेणे ही फसवणूक आहे. ती उघडकीस आली तर प्रवेश जातो आणि शाळेचेही नाव खराब होते.

३. उपक्रम

आमच्या मार्गदर्शन वर्गात येणारी मुले येथेच अडखळतात. "आम्ही ना पियानो शिकलो, ना वादविवादाच्या स्पर्धांना गेलो. मग लिहायचे काय?" असे विचारून ती रकाने कोरे सोडतात. आम्ही या लेखातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट येथे सांगतो. १९७५ पासून चालत आलेल्या आणि आज एक हजाराहून अधिक महाविद्यालये स्वीकारतात त्या 'कॉमन अ‍ॅप्लिकेशन' या अर्जात दहा उपक्रम लिहिता येतात. त्या उपक्रमांच्या प्रकारांत 'कौटुंबिक जबाबदाऱ्या' आणि 'पगारी काम' हे दोन प्रकार स्पष्टपणे दिलेले आहेत. पहाटे पाणी भरून धाकट्या भावाला शाळेत सोडणे, आजारी आजीची शुश्रूषा करणे, आईबरोबर जेवणाचे डबे तयार करून पोचविणे, सुट्टीत दुकानात काम करणे, या सर्वांना तेथे जागा आहे. ज्या कामाची मुलाला लाज वाटते, तेच काम त्याची जबाबदारीची जाणीव दाखविते.

प्रत्येक उपक्रमाला आठवड्याचे तास आणि वर्षाचे आठवडे विचारले जातात. वर्णनाला जागा असते इंग्रजीतील फक्त १५० अक्षरांची. म्हणून मोघम लिहू नये. "समाजकार्य केले, गरीब मुलांना शिकविले" यातून काहीच कळत नाही. "वस्तीतील पाचवी-सहावीच्या ११ मुलांचा गणिताचा वर्ग, आठवड्यातून तीन संध्याकाळी, दोन वर्षे, अपूर्णांकांचे तक्ते स्वतः केले" यातून चित्र उभे राहते. दहाच्या दहा रकाने भरलेच पाहिजेत असेही नाही. चार कामे नेटाने केलेली असतील तर चारच लिहावीत. बारावीत घाईने मिळविलेल्या प्रमाणपत्रांपेक्षा तीन वर्षे चालविलेला एक वर्ग मोलाचा असतो.

४. निबंध

मुख्य निबंधाची मर्यादा ६५० शब्दांची आहे. मुले येथे दोन प्रकारे चुकतात. काही थोर पुरुषांची महती सांगतात, त्यात लिहिणारा दिसत नाही. काही केवळ हालअपेष्टांचे वर्णन करतात आणि वाचणाऱ्याच्या दयेवर भिस्त ठेवतात. परिस्थिती जरूर सांगावी, पण ती चार ओळींत. उरलेल्या जागेत तिच्याशी आपण कसे वागलो, ते यावे. समजा, एखाद्या मुलीने वडिलांच्या रिक्षाचा रोजचा हिशेब ठेवला: किलोमीटर, गॅस, भाडे, रिकामी फेरी. महिनाभराने तिच्या ध्यानात आले की दुपारच्या फेऱ्यांत गॅसचा खर्चही सुटत नाही. तिने वडिलांना ते आकड्यांनी पटवून दिले. प्रथम ते रागावले, मग त्यांनी वेळ बदलून पाहिली. या साध्या हकिगतीत गणित आहे, धीर आहे आणि घरातले नातेही आहे. असा विषय प्रत्येक घरात सापडतो. निबंध शिक्षकांनी वाचून चुका दाखवाव्यात, पण लिहावा विद्यार्थ्यानेच. पैसे देऊन किंवा यंत्राकडून लिहून घेतलेल्या निबंधात त्याचा आवाज येत नाही, आणि खोटेपणा तो खोटेपणाच.

५. पैशाची बाजू

हा विषय पालक शेवटी काढतात. तो पहिल्याने काढावा. नामांकित खासगी महाविद्यालयांत राहण्या-जेवणासह वर्षाचा खर्च ८० हजार डॉलरच्या वर जातो. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर व पीएच.डी. अभ्यासासाठी आहे, पदवीसाठी ती मिळत नाही. तेव्हा मदत मुख्यतः महाविद्यालयाकडूनच मिळवावी लागते. बहुतेक ठिकाणी परदेशी विद्यार्थ्याला किती मदत लागेल, याचा प्रवेश ठरविताना विचार होतो. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट, डार्टमथ, बोडन अशी मोजकी महाविद्यालये मात्र गरज पाहून प्रवेश नाकारीत नाहीत आणि प्रवेश दिल्यावर गरजेइतकी मदत देतात. मदतीचा अर्ज प्रवेशाच्या अर्जाबरोबरच करावा, कारण नंतर मागितल्यास अनेक ठिकाणी ती मिळत नाही. तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला आणि बँकेचे कागद दिवाळीपूर्वी तयार ठेवावेत. अर्जाचे शुल्क परवडत नसेल तर माफी मागता येते. ती मागण्यात कमीपणा नाही. लाखो रुपये घेऊन प्रवेशाची हमी देणाऱ्या दलालापासून चार हात दूर राहावे. अशी हमी कोणीच देऊ शकत नाही.

६. वेळापत्रक

कॉमन अ‍ॅप्लिकेशन १ ऑगस्टला खुले होते. लवकरच्या अर्जांची मुदत बहुधा १ नोव्हेंबरच्या सुमारास आणि नेहमीच्या अर्जांची जानेवारीच्या आरंभी असते. बारावीचा अभ्यास ऐन रंगात असताना हे काम करावे लागते, म्हणून निबंधाचा पहिला खर्डा मे महिन्याच्या सुट्टीतच व्हावा. शिवाय इथल्या प्रवेश-परीक्षा सोडू नयेत. सर्व काही उत्तम करूनही नकार येऊ शकतो, आणि त्या नकाराने मुलाची लायकी ठरत नाही.

सरतेशेवटी मंडळांना आमची विनंती आहे. सत्काराच्या खर्चातून थोडी रक्कम काढून अर्जाच्या मोसमात एक संगणक, एक निवृत्त इंग्रजी शिक्षक आणि आठवड्याची एक संध्याकाळ एवढी सोय करावी. नववीतल्या विद्यार्थ्यांनी आजच एक शंभर पानी वही घ्यावी आणि दर रविवारी तीत लिहावे: या आठवड्यात काय केले, किती तास केले, त्यातून काय समजले. तीन वर्षांनी अर्ज भरताना आठवणीवर विसंबावे लागणार नाही. वही उघडली की लिहिण्यासारखे पुष्कळ सापडेल.