लँकेस्टरशेजारी इंधनगाडी उभी करायची, तर खर्च किती?

दुसऱ्या महायुद्धातला ब्रिटिश हवाई तळ टेबलावर उभारायचा असेल, तर गाड्यांच्या किटवर पैसे घालण्याआधी आपल्या विमानाचे प्रमाण तपासा. एअरफिक्स या मॉडेल कंपनीचे रॉयल एअर फोर्सच्या गाड्यांचे तीन जुने संच १/७६ प्रमाणात आहेत. लँकेस्टर हे बॉम्बर विमान मात्र बहुतेकांकडे १/७२ मधले असते. साडेपाच मीटर लांबीची गाडी १/७२ मध्ये सुमारे ७६ मिलिमीटर भरते, १/७६ मध्ये ७२. गाडी विमानापासून जरा लांब ठेवली तर हा फरक खटकत नाही. थेट पंखाखाली लावायची असेल तर १/७२ मधला ‘बॉम्बर री-सप्लाय’ संच घ्यावा. त्यात डेव्हिड ब्राऊन ट्रॅक्टर आणि बॉम्बच्या ट्रॉल्या येतात.

जुन्या तिन्हींत माझी पहिली पसंती ‘रिफ्युएलिंग’ संचाला. एईसी मॅटाडोर आणि बेडफर्ड क्यूएल अशा दोन इंधनगाड्या एकाच पेटीत मिळतात, आणि इंधनगाडीवाचून तळ अपुराच दिसतो. ‘इमर्जन्सी’ संचात ऑस्टिनची रुग्णवाहिका आणि अग्निशमन गाडी आहे. ‘रिकव्हरी’ संचात क्रेन आणि मोडकी विमाने वाहून नेणारा ‘क्वीन मेरी’ हा लांबलचक ट्रेलर आहे. तो देखणा आहे, पण जोडायला वेळखाऊ. पहिल्याच खेपेला घेऊ नये.

आता हिशेब. ब्रिटनमधल्या दुकानातली किंमत २० टक्के व्हॅट धरून असते. पेटी १५ पौंडांची धरली आणि दुकानदाराने निर्यातीसाठी व्हॅट वगळला, तर ती १२.५० पौंडांना पडते. सगळेच दुकानदार तो वगळत नाहीत, म्हणून आधी विचारा. टपालखर्च १२ पौंड धरला तर भारतातले सीमाशुल्क नुसत्या पेटीवर नव्हे, २४.५० पौंडांवर मोजले जाते. त्यावर जीएसटी, आणि कुरिअर असेल तर त्याचा हाताळणी आकार. खेळणी आणि मॉडेल ज्या वर्गात येतात त्याचे मूळ शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाले आणि २०२३ मध्ये ७०. मागवण्याच्या दिवशीचा दर पाहूनच ऑर्डर द्या. एकट्या पेटीसाठी एवढे टपाल भरणे मला पटत नाही. दोघातिघांनी मिळून मागवावे, किंवा लंडन-लेस्टरला राहणारे नातेवाईक सुट्टीत येणार असतील त्यांना आधी सांगून ठेवावे. भारतातल्या विक्रेत्याचा भाव दीडपट वाटला तरी हा सगळा हिशेब मांडून मगच तुलना करा.

या पेट्यांत सहसा रंग आणि गोंद नसतो. एनॅमल रंग, थिनर आणि प्लॅस्टिकचा गोंद ज्वालाग्राही असल्याने विमानटपालाने येत नाहीत. ते इथेच घ्यावे लागतात, आणि पहिल्या मॉडेलला साइड कटर, बारीक पॉलिश पेपर, दोन चांगले ब्रश धरून हा खर्च पेटीपेक्षा जास्त होऊ शकतो. पुढच्या मॉडेलला तो सगळा पुन्हा करावा लागत नाही.

जुनी, उत्पादन थांबलेली पेटी कोणी चढ्या भावाने विकत असेल तर थांबावे. एअरफिक्स जुने संच अधूनमधून पुन्हा बाजारात आणते. जुनी घ्यायचीच असेल तर सुटे भाग आणि डिकालच्या, म्हणजे मॉडेलवर चिकटवायच्या चिन्हांच्या, कागदाचा फोटो मागा; कागद पिवळा पडला असेल तर नवे डिकाल विकत घ्यावे लागतील, तेवढी किंमत कमी करून घ्या.