कार्ड नंतर, आधी कॅबिनेट उघड

ग्राफिक्स कार्ड घ्यायचंय ना? आईनं सांगितलं मला. बाबांच्या कानावर अजून घातलं नाहीस, हेही सांगितलं. बरं केलंस. त्यांच्यापुढे जायचं तर हिशेब पक्का हवा, आणि हा हिशेब कार्डाच्या किमतीपासून सुरू होत नाही, तुझ्या टेबलाखालच्या कॅबिनेटपासून सुरू होतो. दुकानात विचारशील तर बडोद्यात रावपुऱ्यापासून सयाजीगंजपर्यंत ‘थई जशे, भाई’ हेच ऐकायला मिळेल. त्यांना दोष नाही देत मी. त्यांनी तुझा पीसी आतून बघितलेलाच नसतो. माझं रोजचं कामच या डब्यांशी आहे, म्हणून तुला घरातली म्हणून चार गोष्टी सांगते.

पहिला प्रश्न जरा खोचक आहे, रागावू नकोस. कार्ड हवंय कशासाठी? मित्रांबरोबर रोज संध्याकाळी व्हॅलोरंट खेळतोस, त्यासाठी असेल तर विचारच सोड. तो खेळ ग्राफिक्स कार्डापेक्षा प्रोसेसरवर जास्त विसंबतो, आणि तुझ्या जीटीएक्स १६५० ला तो जड नाही. जीटीए ६ साठी आत्तापासून तयारी करायची म्हणत असशील, तर तो जाहीर झालाय प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीजसाठी. पीसीचं नावही घेतलेलं नाही. मात्र इंडियाना जोन्स किंवा डूम: द डार्क एजेस खेळायचे असतील, तर तुझं म्हणणं रास्त आहे. त्या खेळांना रे ट्रेसिंगचं हार्डवेअर लागतंच, आणि ते १६५० मध्ये मुळात नाही. तिथं सेटिंग कमी करून भागत नाही.

आता खरंच कार्ड कमी पडतंय का, हे मशीनलाच विचार. जो खेळ अडखळतो तो सुरू कर, विंडोज आणि जी एकदम दाब, परफॉर्मन्सची छोटी चौकट येईल. ती स्क्रीनवर पिन करून ठेव आणि वीसेक मिनिटं नेहमीसारखा खेळ. मेनूवर थांबून आकडे बघू नकोस, गर्दीच्या प्रसंगात बघ. जीपीयूचा आकडा ९५ ते ९९ टक्क्यांवर चिकटून बसला, तर कार्ड जीव तोडून काम करतंय आणि तेच कमी पडतंय. तो ५०-६० वर रेंगाळत असेल आणि खेळ तरी अडखळत असेल, तर दोष दुसरीकडे आहे. त्यात एक फसगत होते: सीपीयू फक्त ४५ टक्के दिसतो आणि आपण म्हणतो, प्रोसेसर तर निवांत आहे. तो आकडा सगळ्या कोअरची सरासरी असतो. सहापैकी एक कोअर शंभरावर पोचलेला आणि बाकीचे रिकामे, असं खेळांमध्ये सर्रास होतं. खात्री करायची सोपी रीत म्हणजे रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आण. फ्रेम झपकन वाढल्या तर अडचण कार्डाची. जवळजवळ तेवढ्याच राहिल्या तर प्रोसेसर किंवा रॅमची, आणि मग नवं कार्ड टाकूनही फ्रेम तेवढ्याच राहतील.

तुझा पीसी २०१९ चा, आय५-९४००एफ. सहा कोअर, सहाच थ्रेड. त्यात ८ जीबीची एकच रॅम, आणि शेजारचा स्लॉट रिकामा. एकच स्टिक असली की मेमरी सिंगल चॅनलवर चालते, आणि प्रोसेसरच्या जोरावर चालणाऱ्या खेळांना ते जाणवतं. तशीच दुसरी ८ जीबीची लाव. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढलेत हे खरं, तरी नव्या कार्डापेक्षा हा खर्च पुष्कळ कमी आहे, आणि कदाचित तेवढ्यानंच तुझं निम्मं समाधान होईल. मॉनिटरकडेही बघ. तो ६० हर्ट्झचा आहे. कार्डानं १४० फ्रेम काढल्या तरी स्क्रीन सेकंदाला साठच वेळा बदलणार.

आता मुख्य मुद्दा, एसएमपीएसचा, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या खोक्याचा. इथं मी जरा लांबण लावणार आहे, कारण लोक सगळ्यात जास्त इथंच चुकतात.

तुझ्या १६५० ची गरज ७५ वॉट. मदरबोर्डच्या स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॉटच मिळतात, आणि तुझ्या कार्डाला वरून वेगळी वायर जोडलेलीच नाही. म्हणजे इतकी वर्षं तुझ्या एसएमपीएसची खरी परीक्षा कधी झालीच नाही. आता आरटीएक्स ५०६० आणलंस तर ते १४५ वॉट मागणार आणि त्याला आठ पिनांची वायर लागणार. ती वायर तुझ्याकडे आहे का, हेच आधी बघायचं.

पीसी बंद कर, बटण पाडून प्लग काढ, पॉवरचं बटण एकदा दाबून उरलीसुरली वीज जाऊ दे. मागचे दोन स्क्रू काढले की डाव्या बाजूचा पत्रा मागे सरकतो. आत ज्या खोक्यातून सगळ्या वायरी निघतात, तो एसएमपीएस. त्याच्या अंगावर स्टिकर असतो. त्यावर मोठ्या अक्षरात ४५० वॉट लिहिलेलं असेल. तिकडे लक्ष देऊ नकोस. खाली बारीक तक्ता असतो: ३.३, ५, १२ व्होल्ट आणि प्रत्येकाखाली अँपिअर. आपल्याला हवा १२ व्होल्टचा रकाना. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही त्याच्याच जिवावर चालतात. तिथं १८ अँपिअर लिहिलं असेल तर १८ गुणिले १२, म्हणजे २१६ वॉट. संपलं. वरचा ४५० चा आकडा नुसता शोभेचा. कॅबिनेटबरोबर येणाऱ्या स्वस्त एसएमपीएसमध्ये असा प्रकार हमखास सापडतो. १२ व्होल्टचे दोन रकाने असले तर दोन्हींची बेरीज करत बसू नकोस, त्यांच्याखाली एकत्र वॉटचा आकडा दिलेला असतो, तो खरा. आणि तसा आकडाच नसेल, किंवा स्टिकरच नसेल, तर उत्तर मिळालं असं समज.

हिशेब बघ. कार्ड १४५, प्रोसेसर कागदावर ६५ पण जोरात चालला की त्याहून वर, बोर्ड-रॅम-एसएसडी-पंखे मिळून साधारण ५०. बेरीज २६० च्या पुढे जाते. त्यातही कार्ड क्षणभरासाठी ठरलेल्यापेक्षा बरंच जास्त ओढतं. म्हणूनच एनव्हिडिया ५०६० साठी ५५० वॉटचा एसएमपीएस सांगते. ‘वायर नाही तर काय झालं, कन्व्हर्टर लावून देऊ’ असं कोणी म्हटलं, तर हसून बाहेर पड. हार्ड डिस्कसाठीच्या बारीक पिनांमधून आठ पिनांची वायर बनवून देतात ते. खेळाच्या ऐन रंगात पीसी नुसता बंद पडला तर नशीब; पिना वितळल्या तर कार्डही जातं आणि वॉरंटीचा वादही होतो. चांगल्या कंपनीचा ५५० किंवा ६५० चा घे, ८० प्लस ब्राँझ असलेला. अर्थात ते ब्राँझ म्हणजे वीज किती वाया जात नाही याचं प्रशस्तिपत्र आहे, आतला माल टिकाऊ असल्याचं नव्हे. म्हणून वॉरंटीची वर्षंही विचार. जिथं पाच वर्षं लिहून देतात, तिथं मला जरा धीर येतो.

एसएमपीएसबरोबर यूपीएसचाही विचार कर. आपल्याकडे पहिल्या पावसाला लाइट जाते-येते, हे तुला सांगायला नको. घरात जो ६०० व्हीएचा यूपीएस असतो, तो बहुधा ३६० वॉटचाच असतो. नवं कार्ड, प्रोसेसर, मॉनिटर, वर एसएमपीएसमध्ये वाया जाणारी वीज, अशी गोळाबेरीज केली तर भर खेळात ३५० च्या आसपास जाशील. लाइट असेपर्यंत सगळं ठीक, आणि गेली की यूपीएस किंचाळून त्याच क्षणी हात वर करणार. त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांची असेल तर विचारूच नकोस. वीजबिलाचं मात्र फार मनावर घेऊ नकोस: रोज तीन तास खेळलास आणि ७० वॉट जास्त लागले, तर महिन्याला सहा-सात युनिट वाढतील. बाबा विचारतील, तेव्हा हा आकडा तयार ठेव.

मापाचं एका दमात सांगते. स्लॉटपासून समोरच्या पंख्यापर्यंत टेपनं मिलिमीटर मोज. दोन पंख्यांची कार्डं २०० ते २५० मिमीत येतात, तीन पंख्यांची ३०० च्या पुढेही जातात. जाडी दोन स्लॉटपेक्षा जास्त आहे का, तेही बघ. वरून येणाऱ्या आठ पिनांच्या वायरीला वाकायला जागा लागते, तेवढी सोड.

स्लॉटचं थोडं बारीक आहे. तुझा बोर्ड पीसीआय एक्सप्रेस ३ चा. नवी कार्डं त्यात चालतात, ती भीती नको. पण ४०६० आणि ५०६० या दोन्हींचं कनेक्शन आठच लेनचं आहे. मेमरी पुरेशी असेपर्यंत फरक फारसा कळत नाही. कार्डातली ८ जीबी भरली की माल रॅममधून आणावा लागतो, आणि तुझ्या जुन्या रस्त्यावर तिथं झटके बसतात. टेक्स्चर ‘अल्ट्रा’ वर नेण्याचा हट्ट सोडलास तर हे टळतं. रेडिऑनचं आरएक्स ६५०० एक्सटी स्वस्त दिसलं तरी तुझ्यासाठी नाही, त्याला चारच लेन आहेत. आणि इंटेलचं बी५८०, १२ जीबीचं, मोह पडेल असं आहे, पण त्याला बोर्ड-प्रोसेसरमध्ये रिसायझेबल बार नावाची सोय लागते आणि इंटेल स्वतः दहाव्या पिढीपासूनचे प्रोसेसर सांगते. तू नवव्या पिढीत अडकलायस.

आणि उन्हाळा. मे महिन्यात आपल्याकडे ४२-४३ अंश असतात. दुकानात एसीत चाललेलं कार्ड तुझ्या पश्चिमेच्या खोलीत तसंच चालेल असं नाही. पीसी भिंतीला चिकटवून ठेवलायस, तो हातभर पुढे घे. मग एकदा पत्रा लावून आणि एकदा काढून तोच खेळ खेळ. पत्रा काढल्यावर तापमान दहा अंशांनी उतरलं, तर कॅबिनेटला श्वास घ्यायला जागा नाही, एवढं नक्की. समोर काच आणि रंगीत दिवे असलेल्या कॅबिनेटांचं हेच रडगाणं असतं. समोर एक चांगला पंखा बसव. तो फार महाग नसतो.

सेकंड हँडचा मोह होईल, मला माहितेय. मी अगदी नको म्हणणार नाही. पण १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमचं कार्डावरचं मायनिंग थांबलं आणि अहोरात्र राबलेली कार्डं बाजारात आली, ती अजून हातोहात फिरतायत. बडोद्यात आणखी एक गोष्ट बघायची. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी किती घरांत आणि दुकानांत शिरलं, ते तू पाहिलंयस. म्हणून कार्डाच्या मागच्या पट्टीचे स्क्रू गंजलेत का, सोनेरी पिनांवर हिरवट-पांढरट थर आहे का, हे मोबाइलचा टॉर्च लावून बघ. बिलावरचा सीरियल नंबर कार्डावरच्याशी जुळव. जीपीयू-झेड उघडून नाव आणि मेमरी तपास, आणि अर्धा तास खेळ चालवून दाखवायला सांग. ‘वेळ नाही’ म्हणणाऱ्याकडून घेऊ नकोस. आणि जीटीएक्स १००० मालिकेतलं काहीही स्वस्तात मिळालं तरी घेऊ नकोस. ऑक्टोबर २०२५ नंतर एनव्हिडियानं त्यांच्यासाठी नव्या खेळांचे ड्रायव्हर काढणं थांबवलंय.

माझं मत विचारशील तर आधी रॅमची दुसरी स्टिक आणि चांगला एसएमपीएस. हा एसएमपीएस उद्या नव्या पीसीतही चालेल, पैसे वाया नाहीत. मग महिनाभर खेळून बघ. तरीही जीपीयू ९९ वर असेल तर ४०६० किंवा ५०६० च्या तोडीचं कार्ड घे, त्याच्या वर जाऊ नकोस. ५०७० घेतलंस तर हा प्रोसेसर त्याला पोसू शकणार नाही. तेवढे पैसे असतील तर वर्षभर थांबून नवाच पीसी जोड. पक्कं जीएसटी बिल घे, त्यावर सीरियल नंबर लिहून घे, खोकं जपून ठेव. कार्ड लावल्यावर मॉनिटरची वायर बोर्डात नाही, कार्डात जोडायची. हसू नकोस, भलेभले चुकतात.

रविवारी पत्रा उघडून एसएमपीएसच्या स्टिकरचा फोटो पाठव, बारीक तक्ता वाचता येईल असा. आणि तोपर्यंत कुठल्याही दुकानात ॲडव्हान्स देऊ नकोस.