अंतर, वारा आणि घड्याळ

मुंबई व न्यूयॉर्क या विमानतळांमधील सर्वांत कमी अंतर सुमारे १२,५४० किलोमीटर आहे. सपाट नकाशावर ही वाट अरबस्तान व उत्तर आफ्रिकेवरून जाईल असे वाटते. परंतु पृथ्वी गोल आहे. पृथ्वीगोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून पाहावा; तो उत्तरेकडे चढत, आइसलँडच्या परिसरात सुमारे ६५ अंश उत्तर अक्षांश गाठून, पुन्हा दक्षिणेस उतरतो.

विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर धरल्यास हे अंतर चौदा तासांत संपावे. मात्र मध्य अक्षांशांवर उंचावरील वारे बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. ताशी ८० किलोमीटरचा वारा समोरून आला, तर प्रवासास सव्वापंधरा तास लागतात. परतताना तोच वारा पाठीशी असतो. बंद हवाई क्षेत्र टाळण्यासाठी घ्यावा लागणारा वळसा निराळाच.

तिकिटावरील वेळा त्या त्या ठिकाणच्या असतात. उन्हाळ्यात न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते, हिवाळ्यात साडेदहा. उन्हाळ्यात मुंबईहून रात्री एक वाजता निघालेले विमान सोळा तासांनी उतरते, तेव्हा तेथे त्याच दिवशीचे सकाळचे साडेसात वाजलेले असतात आणि आपल्याकडे सायंकाळचे पाच. हा हिशेब ठाऊक नसलेली आई सकाळी साडेसातपासून फोनकडे डोळे लावून बसते आणि दिवसभर नाना शंका मनात आणते. मुलांना दूरदेशी पाठवणाऱ्या प्रत्येक घराने म्हणूनच हे साधे गणित अवश्य शिकून घ्यावे.